दरेकसा ते गोंदिया: फागूला आणायला

दुसरी मोठी लढाई संपली त्या साली, दिवाळीच्या आठवडाभर आधी, मी फागूला आणायला गोंदियाला निघालो. त्याची माय अंथरुणाला खिळली होती आणि "एकदा पोराचं तोंड दाखवा" एवढंच म्हणत होती. गावातून कोणी जायला तयार नव्हतं. दसाराम सोबतीला आला, तोही कुरकुरतच.

"त्याले आनाले कायले जायचं, दादा? मंडईच्या दिवशी दगा देनाऱ्याले?"

फागू म्हणजे आमच्या हुतूतूच्या संघाचा जीव. गेल्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, पाच गावांची माणसं मैदानाभोवती बसलेली, आणि हा आलाच नाही. गोंदियाच्या एका धानाच्या गिरणीत नोकरीला लागला, त्यांच्याच संघातून खेळू लागला. आम्ही सपाटून हरलो. गावानं त्याच्या मायशी बोलणं टाकलं. पावसाळ्यात तिच्या बांधीत धान रोवायला एक बाई गेली नाही. जमीन तशीच पडीत राहिली.

खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. मंडईच्या आदल्या संध्याकाळी फागू माझ्याकडे आला होता. "गिरणीवाला म्हनते उद्याच हजर हो, नाहीतर दुसऱ्याले घेतो. मंडळीले सांगजा, दादा." मी सांगतो म्हणालो आणि सांगितलं नाही. कप्तान मी. हरल्याच्या शिव्या मला खाव्या लागल्या असत्या, त्या फागूच्या वाट्याला गेल्या आणि मी सुखानं गप्प बसलो. निदान त्याच्या तोंडावर तरी कबूल करायचं, असं ठरवून निघालो होतो.

कोणाला या वाटेनं जायचं असेल तर सांगतो. आमच्या गावाहून दरेकसा ठेसन दोन कोस, पायवाट सगळी जंगलातून. उजाडल्यावरच निघा, अस्वलांचा भरवसा नाही. पलटणीतून परतणाऱ्या शिपायांनी गाडीचा डबा खच्चून भरलेला. सालेकसा, आमगाव आम्ही उभ्यानंच काढलं. दोन्हीकडे पिवळं पडत चाललेलं धान. एरवी असं धान पाहिलं की मी खूश होतो. त्या दिवशी मला मान वर करवेना.

गोंदियाला ठेसनाबाहेर कचोरी मिळते, आण्याला दोन, तिखटजाळ. पोटात घालून टांगा केला. गिरणीचं नाव ऐकताच टांगेवाला हसला.

"फागू को देखने आए हो, पटेल? क्या दम है लड़के का!"

"दम आमच्या गावचा हाय," दसाराम पुटपुटला. खोटं नव्हतं ते. तलावात बुडी मारून श्वास कोंडायला फागूला यानंच शिकवलं होतं, जिंकल्यावर खांद्यावर घेऊन नाचायचाही हाच. गिरणीच्या फाटकापाशी मात्र तो जो बसला, तो आत येईना.

फागू कोंड्यानं पांढरा झालेला बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. माय आजारी आहे ऐकून अंगावरचा कोंडा झटकू लागला. "आत्ताच येतो, दादा." निघाला, मग थबकला. "मंडळीले तुमी सांगतलं होतं ना?"

एवढंच विचारलं हो त्यानं! माझी जीभ अशी फिरली की काय सांगू. "सांगितलं की," मी म्हणालो.

"सारं माहीत होतं, तरी माह्या मायची बांधी पडीत ठेवली?" पडीत बांधीचं त्याच्या कानावर आलेलं होतं. "मग त्या गावात मी पाय नाही ठेवत. मायले इकडं आना. मी पाहतो तिचं."

गाडीचे हिसके ती सोसणार नाही, हे मी सांगायला हवं होतं. पण तो गावात आला असता तर पहिल्याच दिवशी माझं बिंग फुटलं असतं. मी "बरं" म्हणालो.

परतताना दसारामनं विचारलं, "काऊन नाही आला?"

"नाही म्हणाला."

गोंदिया कसं आहे, असं लोक मला अजून विचारतात. मोठं आहे, सांगतो. त्या प्रवासाचं याहून जास्त मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी माय गेली. गोंदियाला निरोप पोचेपर्यंत थांबायला कोणी तयार नव्हतं. सगळं गाव मातीला आलं, वर्षभर न बोललेलेसुद्धा. "बलावाले गेलो होतो आमी, तरी नाही आला," दसाराम जो येईल त्याला सांगत होता आणि रडत होता. अग्नी कोणी द्यायचा, हा प्रश्न पडला तेव्हा म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच द्या, दादा. पोरगा तर तुमीच झाले तिचे."

मी पुढे झालो आणि अग्नी दिला.