उरलेले थेंब

“कॉर्नियल अल्सर आहे. बुरशीचा,” डॉक्टर म्हणाले.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. अल्सर म्हणजे त्यावरची जखम. म्हैसूरच्या शाळेत वीस वर्षं मी मुलांना बुरशी शिकवतेय. पावावरची, लोणच्यावरची, भिंतीवरची. आता ती माझ्या उजव्या डोळ्यात होती.

आठवड्यापूर्वी सरगूरला, नणंदेच्या शेतात, उसाचं पान डोळ्याला लागलं होतं.

“कोणते थेंब घातले?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोणतेच नाही,” मी म्हणाले. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब त्यांनीच मायेने घातले होते. आमच्या घरात औषध टाकून देणं म्हणजे पाप. “अय्यो, स्वल्प घालते गं, गार वाटेल,” म्हणाल्या होत्या. मीही विज्ञानाची शिक्षिका, निमूट डोळा उघडला.

सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. “ती खोटं बोलते, डॉक्टर. मी घातले.”

थेंब स्टेरॉइडचे होते. स्टेरॉइड सूज उतरवतं, पण शरीराचा पहाराही ढिला करतं. बुरशीला रान मोकळं.

डॉक्टर रागावले नाहीत. “सांगितलंत ते बरं झालं. हे आजच बंद. नाहीतर डोळा गेला असता.”

जखमेचा कण खरवडून मायक्रोस्कोपखाली ठेवला. मी हट्टाने डाव्या डोळ्याने पाहिलं. फांद्या फुटलेले तंतू, म्हणजे हायफी, अगदी मी फळ्यावर काढते तसे. लाज वाटते सांगायला, पण मला ते सुंदर वाटले.

“टीचर, तुम्हाला माहीतच आहे,” डॉक्टर म्हणाले, “बुरशी वनस्पती नाही. तिचं राज्य वेगळं, आणि नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं. तिच्या पेशी आपल्यासारख्या, म्हणून तिच्यावर औषधं थोडी. वेळ लागेल.”

नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध दुधासारखं पांढरं असतं. बाटली हलवायची, दर तासाला एक थेंब. सासूबाई त्या बाटलीला हात लावेनात. त्यांचं जेवणही धड नव्हतं. नजर जाण्याची भीती मला होतीच. पण आम्ही दोघी आता एकमेकींना चुकवत राहू, याची जास्त होती.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. “आई, तुम्हीच घाला.”

त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं. “मेल्लगे, मेल्लगे,” त्या स्वतःलाच सांगत होत्या, हळू, हळू. उजव्या डोळ्याला वर फक्त धुकं दिसत होतं.

तुमच्या डोळ्याला पान, काडी लागली तर घरातले थेंब घालू नका. आणि घातले असतील, तर डॉक्टरांना खरं सांगा. माझा डोळा सासूबाईंनी खरं सांगितलं म्हणून वाचला. बारीक डाग मात्र राहिलाय.

सहाव्या आठवड्यात, रोजच्यासारखी मांडीवर पडले असताना, मी डावा डोळा तळव्याने झाकला. वर धुकं नव्हतं, बाटली होती. तिच्यावर सुरकुतलेला अंगठा.

“आई, हात थरथरतोय तुमचा,” मी म्हणाले.

बाटली तशीच धरून त्या रडायला लागल्या.