आठ विमानांचे दहा गुण

बेबीनंदा मॅडमनी अख्ख्या नोकरीत कुणालाही दहापैकी दहा दिले नव्हते. जालन्यातल्या मुलींच्या शाळेत त्या शारीरिक शिक्षण शिकवत, आणि जिल्ह्यात कुठंही संचलनाची स्पर्धा असली की परीक्षक म्हणून त्यांनाच बोलावणं जाई. बोलावणारे मागाहून पस्तावत. एकदा त्यांनी स्वतःच्याच शाळेच्या पथकाचा अर्धा गुण कापला, कारण तिसऱ्या रांगेतली मुलगी मंचासमोर हसली. ती मुलगी त्यांची सख्खी भाची होती. बहीण वर्षभर बोलली नाही. मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. हसली होती म्हणजे हसली होती.

अशा बाईनं निवृत्त झाल्यावर करायचं काय? नवरा राजानंद पोस्टातून सुटला तो सरळ गच्चीवरच्या कुंड्यांत जाऊन बसला. मॅडमना माती आवडत नाही. मग एके दुपारी मोबाईलवर त्यांना विमानं दिसली. इंग्लंडची रेड ॲरोज, नऊ लाल जेट विमानं, पंखाशेजारी पंख, मागं रंगीत धूर. राजानंद म्हणाला, "काय देखणं आहे." मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "उजवीकडचं शेवटचं जरा मागं पडलंय."

तिथून त्या सुटल्या त्या सुटल्याच. जगभरची पथकं पाहून झाली. इटलीची दहा विमानं त्यांना नटवी वाटली. फ्रान्सची आठ वळताना रेशमासारखी वळतात, पण सुरुवातीला अंग चोरतात. अमेरिकेची सहा इतकी चिकटून उडतात की जीव बघणाऱ्याचा जातो. शिस्त आहे, पण दंडेली जास्त. रशियाची मोठाली विमानं पाहून त्या म्हणाल्या, "हत्ती नाचवला तर गुण हत्तीला द्यायचे का माहुताला?" आणि प्रत्येकाला गुण दिले. रोज सकाळी मोतीबागेत फिरायला येणाऱ्या मंडळींचा मोबाईलवर एक गट होता. त्यात मॅडमचा निकाल लागायचा, आणि मंडळी चहाबरोबर तो चघळायची.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर मॅडमनी रेड ॲरोजना साडेनऊ दिले आणि आपल्या हवाई दलाच्या पथकाला साडेआठ.

दुसऱ्या दिवशी बागेत त्या मंडळींतले काकासाहेब वाटच अडवून उभे. अंबडकडचे जमीनदार, आता नवीन जालन्यात बियाण्याचं दुकान, आवाज मात्र अजून शेताच्या या बांधावरून त्या बांधाला पोचणारा.

"जयभीम, मॅडम."

"रामराम. रस्ता सोडा."

"सोडतो. पण मला एक सांगा, इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही अजून त्याची चाकरी करून राह्यल्या का? इमान त्यांचं हॉक जातीचं, आपलं बी हॉक. त्यांची नऊ, आपली बी नऊ. मंग एक मार्क कुठं गेला?"

"म्हणून तर तुलना सोपी आहे. विमान तेच, संख्या तीच, मग उरतं काय? रांग. त्यांची रांग सरळ आहे."

"मोबाईलवर?"

"डोळे माझेच आहेत ना."

"न्हाई न्हाई. कणीस हातात घेतल्याबिगर दाणा कळत न्हाई. पुढच्या महिन्यात नाशिकला धरणावर आपलं पथक येऊन राह्यलंय. चला. समोर बघून तुम्ही पाव मार्क जरी वाढवला, तर मोबाईलवरचं हे मार्क देणं कायमचं बंद."

"आणि नाही वाढवला तर?"

"तर इथं समद्यांसमोर म्हणीन की मॅडमची नजर बराबर, काकासाहेब येडा."

मॅडमनी तिथल्या तिथं शब्द दिला. घरी आल्यावर राजानंद म्हणाला, "हरलीस तर दिवसभर करशील काय? कुंड्यांना हात लावू देणार नाही मी."

"हरत नाही," मॅडम म्हणाल्या. पण त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या पथकाचा व्हिडिओ चारदा पाहिला. साडेआठच होते. त्यांना बरं वाटलं.

जानेवारीतल्या थंडीत मंडळींची क्रुझर गाडी निघाली. समृद्धी महामार्ग, डब्यात धपाटे आणि ठेचा, पायाशी मोसंब्यांची पिशवी. काकासाहेबांची बायको चांगुणाबाई मोसंबी सोलून मॅडमच्या हातावर ठेवत म्हणाली, "बाई, ह्यांच्या नादी नका लागू. ह्यांना विमानातलं काय कळतंय? मागच्या साली फवारणीचा ड्रोन आणला, तो शेजाऱ्याच्या हिरीत घातला."

"वारं होतं," काकासाहेब म्हणाले.

"पान हलत नव्हतं," चांगुणाबाई म्हणाली.

धरणाच्या काठावर ही गर्दी. मंडळींना जागा मिळाली ती बरोब्बर मधोमध. काकासाहेब शेजारच्या अनोळखी माणसांनाही सांगत सुटले, "बघा आता, नऊ इमानं. शंकरपाळ्यासारखा आकार. एक, दोन, तीन, दोन, एक. असं पुऱ्या आशियात कुठं न्हाई." तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून निवेदन आलं, आज आठ विमानं उडतील. कारण सांगितलं नाही.

काकासाहेबांचं तोंड एवढंसं झालं.

मग पाण्याच्या टोकाकडून ती आली. आधी दिसली, आवाज मागून आला. शंकरपाळा होता, पण मागची एक बाजू कुणीतरी दातानं तोडल्यासारखी. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "अरेरे, एक कमी आहे." काकासाहेब पुटपुटले, "घ्या. आता साडेआठाचे सात करा."

मॅडम त्या रिकाम्या जागेकडं बघत होत्या.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सव्वीस जानेवारीच्या संचलनात मॅडमच्या पथकातल्या तृप्तीला भोवळ आली. शिकवल्याप्रमाणे ती पाऊल चुकू न देता बाजूला झाली. शिकवल्याप्रमाणे बाकीच्या मुलींनी तिची जागा भरली नाही. गेलेलीची जागा तिचीच असते, ती रिकामी तशीच पुढं न्यायची, हा मॅडमचा धडा. मंचासमोरून मुली ती जागा सांभाळत गेल्या, अंतर बोटभर हललं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकानं दोन गुण कापले. म्हणाला, पथकात भगदाड होतं. मॅडम त्याच्याशी मैदानातच भांडल्या. त्याचं म्हणणं एकच, बघणाऱ्याला काय दिसतं ते महत्त्वाचं. तो माणूस मॅडमना आजवर पचलेला नाही.

आता आठ विमानं वर चढली, पोट दाखवून कलली, उलटी झाली, खाली आली. मोबाईलवर या वळणात कॅमेरा मागं पडतो आणि पुढचं जुळलेलंच दिसतं. इथं सगळं उघड्यावर होतं. रिकामी जागा त्यांच्याबरोबर चढली, त्यांच्याबरोबर कलली, उलटी झाली, खाली आली. मागच्या टोकाचं विमान तिच्याकडं तसूभर सरकलं नाही. मॅडमनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला, रांग धरून पाहिली. दुसऱ्या वळणाला पाहिली. तिसऱ्याला पाहिली. चूक सापडेना. जीव तोडून शोधली, कारण चूक सापडण्यात त्यांचा फायदा होता. पाव मार्कही न वाढवता घरी गेलं की मोबाईल त्यांचा, निकाल त्यांचा, सकाळचा चहा त्यांचा.

शेवटी आकाशात तिरंगी धूर उरला. लोक टाळ्या वाजवत होते. काकासाहेबांनी खाली बघत विचारलं, "किती कापले?"

"दहा," मॅडम म्हणाल्या.

"दहाच्या दहा कापले?"

"दिले."

राजानंदनं मोसंबी खाली ठेवली. चांगुणाबाई म्हणाली, "बाई, पण एक कमी होतं की."

"ती जागा होती ना. नववी जागा आठ जणांनी उडवली. नऊ असती तर एखादवेळी साडेनऊच दिले असते." मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि उगाच जास्त वेळ पुसला. "चला, गर्दी व्हायच्या आत गाडी काढा. बंद म्हणजे बंद. शब्द दिलाय."

जिंकूनही काकासाहेब परतीच्या वाटेवर गप्प होते. असं आजवर घडलं नव्हतं, चांगुणाबाईनं दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मोतीबागेत पुढचे आठ दिवस बेचव गेले. मंडळी चालायची, चहा प्यायची, गुडघ्यांबद्दल बोलायची. नवव्या दिवशी काकासाहेब मोबाईल पुढं धरून आले.

"मॅडम, इटलीवाल्यांचं नवीन आलंय. नुसतं बघा."

मॅडमनी पाहिलं. पूर्ण पाहिलं. मोबाईल परत दिला.

"मंग?"

"मंग काय? छान हवा आहे आज."

"मॅडम, जीव नका घेऊ. मी शब्द वापस घेतो."

"शब्द मी दिलाय. तुम्ही कोण वापस घेणारे? प्रत्यक्ष बघितल्याशिवाय गुण देणार नाही. कणसाचं तुम्हीच सांगितलं होतं मला."

काकासाहेबांनी मोबाईल खिशात टाकला. मग हळू आवाजात, म्हणजे पलीकडच्या फाटकापर्यंतच ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी राजानंदला विचारलं, "भाऊ, पासपोर्टाला किती दिवस लागतेत?"

"पोस्टातच काम होतं त्याचं," राजानंद म्हणाला. "हिचा अर्ज तर गेल्या सोमवारीच टाकलाय."