चालू राहिलेली किल्ली

नव्या कंपन्यांच्या गाड्या हैदराबादेत नुकत्याच आल्या होत्या. आमच्या मॉडेलच्या गाड्यांचा इग्निशन स्विच भर रस्त्यात आपोआप बंद व्हायचा, म्हणून कंपनीने सगळ्यांचे स्विच फुकट बदलून द्यायला अफझलगंजचा आमचा नेहमीचा मेकॅनिक नेमला. माणूस अबोल. काढलेले स्विच तो जुन्या किल्लीसकट भिंतीवर टांगायचा. सकाळी सगळ्या किल्ल्या फिरवून चालू करायचा, दिवेलागणीला एकेक बंद करायचा आणि पुटपुटायचा, "घर को पहुंच गए." मला हसू यायचं.

एका किल्लीला मात्र तो हात लावत नसे; ती रात्रीही चालूच असायची. शेवटी मी विचारलंच.

"कल आतूं बोले थे वो साब. पुल परच गाडी बंद पडी, पीछे लारी थी. टूटी गाडी में से मैंच निकाला ये स्विच. अब्बी रस्तेमेंच हैं."

मग भिंतीवरची माझी जुनी किल्ली बंद आहे ना, ते त्याने पुन्हा चाचपून पाहिलं.