विटकरीनं घासलेला अंगठा

ओल्या विटकरीचा वास आला की मला माझी धाकटी जाऊ आठवते. निराधारांना सरकार देतं त्या पगाराच्या यादीसाठी साहेब हातात मावणारा संगणक घेऊन चावडीत आला होता. त्याला वायरीनं अंगठ्याचा ठसा घ्यायची डबी जोडलेली. आम्ही दोघींनी अंगठा टेकवला की डबीचा दिवा लागायचा आणि लगेच विझायचा. साहेब म्हणाला, "मावशी, अंगठे झिजले तुमचे. पुढच्या बाजारी या, यादी त्याच दिवशी बंद." घरी आल्यावर मी जावेला म्हणाले, "विटकरीनं घास, मळ निघंल." तिनं आठवडाभर घासला. मी कंटाळा केला. पुढच्या बाजारी साहेबानं डबीला वेगळी बॅटरी लावली. "हा संगणक लहान हाय, डबीला लागतो तेवढा करंट देत न्हाई. तुमच्या अंगठ्यात काही खोट नव्हती," तो म्हणाला. माझा ठसा पहिल्याच वेळी उमटला. जावेच्या अंगठ्यावर रेघच राहिली नव्हती, नुसती खपली. साहेबानं तिच्या नावावर काट मारली. वाटेत ती एवढंच बोलली, "अक्का, तुम्ही न्हाई घासला व्हय?" पुढं ती पगाराविनाच वारली. माझा पगार अजून त्याच अंगठ्यावर मिळतो.