रहिमतपूरचं शून्य

“रहिमतपूर शून्य! मॅडम, पेढे मागवा,” आमचे जिल्ह्याचे साहेब खुशीत म्हणाले. वर्षभरात तिथे एकही नवा एचआयव्ही रुग्ण नाही. मग तिथलं तपासणीचं आणि गोळ्यांचं केंद्र कशाला? स्टाफ दुसरीकडे हलवायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

मी एपिडेमिऑलॉजिस्ट. आजार कुठे, किती आणि कोणाला, हे मोजायचं. डॉक्टर माणूस तपासतो, मी अख्खा तालुका तपासते. आणि आयतं शून्य दिसलं की माझं डोकं फिरतं.

“सर, थोडं थांबा. त्याच वर्षी मिरजेचा आकडा वाढलाय.”

“मिरज सांगली जिल्ह्यात. आपल्या जिल्ह्याचा काय संबंध?”

मिरजेच्या काउन्सेलरला फोन केला. नव्या रुग्णांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. म्हटलं, “नावं नकोत. फक्त प्रत्येकीचं सासर विचारा.” काही जणींचं सासर निघालं रहिमतपूरच्या आसपास. पहिलं बाळंतपण माहेरचं. उलट्या सुरू झाल्या की आई लेकीला घेऊन जाते, पहिली रक्ततपासणी तिकडेच होते आणि पत्ता माहेरचा लागतो. नवरा मात्र रहिमतपुरातच, न तपासलेला.

त्यातली एक जण माझ्याशी बोलायला तयार झाली. पोटावर हात ठेवून बसली होती.

“आवं म्याडम, गोळ्या चालू हायत. त्या न चुकता घेतल्या तर बाळाला लागत न्हाई म्हनत्यात. पन बाळ घिऊन सासरी गेल्यावर गोळ्या कुठनं आनू? तिथलं बंद हुनार, व्हय?”

“नवऱ्याला सांगितलंय?”

“सांगितलंय. लय रडलं. तपासाय तयार हायत. पन लांब जायचं म्हटलं की कामाचा खाडा हुतोय.”

मला साहेबांचा रागच आला. तो तसाच घेऊन मीटिंगला गेले आणि सगळं मांडलं.

“म्हणजे आपलं शून्य खोटं?” साहेबांनी विचारलं.

“नोंदीत शून्य खरंय सर. बायका तपासणीला माहेरी गेल्यात. त्या परत येतील तेव्हा केंद्राला कुलूप असेल.”

 स्टाफच्या बदलीचा कागद साहेबांनी स्वतःच फाडला.

केंद्र राहिलं. तिचा नवरा तिथेच तपासला गेला, पॉझिटिव्ह निघाला, औषधावर आला. रहिमतपूरचा आकडा वाढला आणि वरून साहेबांकडे खुलासा मागितला गेला. बाळ दीड वर्षाचं झालं, शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. त्या दिवशी पेढे मी मागवले.

आता कुठेही शून्य दिसलं की मी आधी एवढंच विचारते: इथल्या सुना बाळंतपणाला कुठे जातात?