गल्ली दोन तास गप्प राहिली

आमच्या गल्लीनं मला फसवलं. आणि तेही दिलेला शब्द तंतोतंत पाळून!

शब्द मोडणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी माण तालुक्यातली. लहानपणी आईबरोबर बाजारात शेळ्या विकल्यात. गिऱ्हाईक शेळीचे दात बघायला वाकलं, की त्याला शेळी हवीय की नुसता वेळ काढायचाय, हे मी त्याच्या पाठीकडे बघून सांगायचे. पुढं कुणाच्या वशिल्याशिवाय शिकले, पुण्याच्या एका कंपनीच्या खरेदी खात्यात लागले आणि आता यंत्रांच्या सुट्या भागांचे सौदे करते. (काम तेच. फक्त समोरच्याचे दात स्क्रीनवर बघावे लागतात.)

हे काम मी साताऱ्यातल्या घरी बसून करत होते. नवरा फौजेत, पोस्टिंग राजस्थानात. घरात मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणते. वय पंच्याऐंशी, सुभेदार म्हणून निवृत्त, कानानं अधू आणि आवाजानं तोफ! सकाळपासून दारातल्या खुर्चीत बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला हटकायचं, हा त्यांचा दिनक्रम. "काय रं गड्या, कुटं निगालास?" हे वाक्य माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू यायचं. चेन्नईच्या एका पुरवठादाराला ते पाठ झालं होतं.

आण्णांच्या साथीला गल्ली होती. घर भर बाजारपेठेत. शेजारी दत्तूभाऊंची पिठाची गिरणी, समोर बाबूमामांचं बँडचं दुकान, आणि सकाळ-दुपार सुरेशचा भाजीचा गाडा. गाड्यावर भोंगा, आणि भोंग्यात टेप केलेला सुरेश. खरा सुरेश दमतो, भोंग्यातला दमत नाही.

शेवटी आमच्या साहेबांचा फोन आला.

"तुमची गल्ली आपल्या कंपनीत नोकरीला आहे का?"

"नाही सर."

"मग ती प्रत्येक मीटिंगला हजर का असते?"

तेव्हा कंपनी सगळ्यांना ऑफिसात परत बोलावत होती. मी पुण्याला गेले, तर आण्णांना उंब्रजला माझ्या नणंदेकडे राहावं लागणार होतं. आण्णा खुर्चीचे हात धरून म्हणाले, "म्या न्हाई जायाचा. हितं चार मानसं दिसत्यात म्हून जगतोय." मी साहेबांशी भांडले, आर्जवं केली, पुन्हा भांडले आणि सौदा पटवला. गुरुवारी कोरियाच्या लोकांबरोबर मोठ्या कराराची मीटिंग होती, दहा ते बारा. त्या दोन तासांत गल्लीचा आवाज आला नाही, तर मला कायमचं सातारा. आला, तर सोमवारपासून पुणे.

बुधवारी संध्याकाळी मी गल्लीत उतरले.

"दोन तास गिरणी बंद?" दत्तूभाऊ म्हणाले. "वहिनी, लोकांची दळणं खोळंबतील."

"दिवाळीची भाजणी तुमच्याकडं. माझी आणि माझ्या सगळ्या मैत्रिणींची."

"आन तुमची घरातली घरघंटी?"

"ती विकून टाकते." (विकली नाही. विकणारही नाही.)

बाबूमामा जरा जड गेले. लग्नसराई तोंडावर आलेली, पोरांचा सराव बुडेल म्हणाले. मी शेवटचा हुकमी पत्ता काढला. "मामा, आमच्या घरातलं पुढचं कार्य तुमच्याकडं. दुसरा बँड दारात उभा करणार नाही."

"कोनतंबी कार्य?"

"कोणतंही!"

घरात ना कुणाचं लग्न, ना कुणाची मुंज. म्हणजे सौदा फुकटात! मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

राहिला सुरेश. माझी आणि त्याची जुनी दुश्मनी. कोथिंबिरीच्या जुडीवरून आम्ही दोघांनी एकमेकांची खानदानं काढलेली आहेत. तो काही केल्या हलेना. शेवटी दात-ओठ खाऊन मी म्हणाले, "जा, एक महिना तुझ्याकडं भाव करणार नाही. सांगशील त्या भावानं घेईन."

सुरेशनं भोंगा बंद केला. माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

"ताई, घरात समदं बरं हाय न्हवं?"

"बरंय की. का?"

"न्हाई, इचारलं आपलं."

(तेव्हाच मला शहाणपण सुचायला हवं होतं!)

सगळ्यात चिवट निघाले आण्णा. बारा वाजेपर्यंत मागच्या खोलीत पडून राहायचं, हाक मारायची नाही, मोबाईल बंद करून कपाटात, आणि खुर्चीसुद्धा आत. "म्हंजी नजरकैद!" ते कडाडले. संध्याकाळी कंदी पेढे देते, असं मी म्हणाले. डॉक्टरांनी एकाची परवानगी दिलेली, आण्णांनी पाच मागितले, तिनावर मिटलं.

गुरुवारी मी साधी पांढरी साडी नेसले. परदेशी माणसांसमोर भडक नको, एवढाच विचार. दहा वाजले आणि गल्ली गप्प झाली. गिरणी बंद, बँड बंद, भोंगा बंद. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. मीटिंग सुरू झाली, नमस्कार-चमत्कार झाले, आणि तेवढ्यात स्वच्छतेचं गाणं वाजवत कोपऱ्यावरून नगरपालिकेची घंटागाडी वळली.

हिच्याशी सौदा करायचा राहिलाच होता!

कानात हेडफोन घालून मी दाराकडे धावले. बोलायची सोय नव्हती, माईक चालू होता. मी ड्रायव्हरला हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट मागं घराकडं दाखवलं. ड्रायव्हरनं बंद गिरणी बघितली. बंद बँड बघितला. दारातली आण्णांची मोकळी जागा बघितली. मग माझी पांढरी साडी बघितली. त्यानं गाणं बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून गाडी हळूहळू पुढं नेली.

किती समजूतदार माणूस, असं म्हणत मी परत खुर्चीत बसले. घाईत दार उघडंच राहिलं. समजूतदार माणूस पुढं प्रत्येक दारात थांबून कचरा घेता घेता काय वाटत गेला, ते मला नंतर कळलं. "सुभेदार गेलं!"

अर्धा तास झकास गेला. माल पोचवायची मुदत मी एकेक आठवडा खाली ओढत होते. मग कोरियाचे मोठे साहेब बोलता बोलता थांबले आणि माझ्या खांद्यावरून मागं बघू लागले. मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या माझ्या चौकटीत बघितलं. माझ्यामागं एक पांढरी टोपी बसली होती. मग तीन टोप्या झाल्या. मग भिंतीकडेनं पदर डोक्यावरून घेतलेल्या बायका. सगळे चपला बाहेर काढून, अजिबात आवाज न करता! मी न वळता हात मागं नेला आणि "बाहेर व्हा" अशी खूण केली. त्यांना वाटलं मी बसायला सांगतेय. उभे होते तेही बसले. दत्तूभाऊंच्या बायकोनं झाकलेलं ताट आणून फळीवर ठेवलं. ताटात पिठलं-भाकरी.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली, म्हणजे त्या घरात मयत झालेलं असतं, चूल पेटलेली नसते!

माझ्या एका कानात कोरिया आणि दुसऱ्या कानात गल्ली. दत्तूभाऊ कुजबुजत होते, "मला कालच संशय आला हुता. दिवाळीची भाजणी आत्ताच बोलून टाकली बाईनं."

"आवं, मला म्हनाली, म्हैनाभर भाव करनार न्हाई!" सुरेश म्हणाला. "ही बाई! म्हातारं काल सांच्यालाच हातचं गेलं असनार. मीटिंग-बिटिंग समदं सांगायला."

सगळ्यांनी माना हलवल्या. एवढा पक्का पुरावा कोर्टातसुद्धा मिळत नाही!

उठून ओरडावं, तर गल्लीचा आवाज माझ्याच तोंडून जाणार. आणि अजून तसा आवाज झालेला नव्हता! साहेब त्यांच्या चौकटीत डोळे फाडून बघत होते. कोरियाच्या साहेबांनी हळूच विचारलं, ही मंडळी कोण? मी म्हणाले, "माझी टीम." ते उभे राहिले आणि टीमला कमरेतून वाकून नमस्कार केला. टीमनं बसल्या जागी हात जोडले. एवढी दुःखी टीम बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मुदत आणखी एक आठवडा आपणहून कमी केली. करार झाला! आता फक्त निरोपाचं बोलणं उरलं होतं.

आणि दारात रिक्षा थांबली.

"आण्णाऽऽ! मला न भेटताच कसं गेलासा वं आण्णाऽऽ!"

शालनवन्सं. माझी नणंद. गल्लीतल्या कुणीतरी कळवलं म्हणून उंब्रजहून आली होती. (तिनं फोन केले होते. पण माझा फोन मुका आणि आण्णांचा कपाटात!) ती तडक मागच्या खोलीत घुसली. आण्णांना डोक्यावरून पांढरी चादर घेऊन झोपायची सवय. वन्संनी अंग टाकलं ते थेट चादरीवर.

"मेलो! मेलो! कोन हाय रं त्ये!" तोफ कडाडली.

रडणं सुरू झालं म्हणजे तयारी झाली, असं समोर बाबूमामांना वाटलं. पिकलं पान, वाजतगाजत न्यायला हवं. शिवाय घरातलं पुढचं कार्य! अख्ख्या बँडनं आमच्या दारात भजनाची संथ चाल धरली. ढोलासकट.

मागच्या खोलीतून आण्णा बाहेर आले. बंडी, धोतर आणि गळ्यात अडकलेली वन्सं. खोलीत एकदम शांतता पसरली. (बँड सोडून.)

"आण्णा, तुमी हायसा?" दत्तूभाऊंनी विचारलं.

"हाय की! बारापातुर बोलायचं न्हाई असं ठरलं हुतं, म्हून गप हुतो." आण्णांनी टोप्यांवरून नजर फिरवली. "कोन गेलं रं? बँड लावलाय म्हंजी वय झालेलं दिसतंय. थांबा, सदरा घालतो. खांदा द्याया पायजे." आणि फळीवरचं ताट उघडून म्हणाले, "सूनबाई, पिठलं कुनी केलं? लय झकास वास येतोय."

कोरियाचे लोक अजून उभेच होते. आमचे साहेब म्हणाले, "करार उत्तम झाला. आवाज मात्र आला. सोमवारी भेटू."

"सर, तो गल्लीचा आवाज नव्हता! तो उंब्रजचा होता!"

"आणि बँड?"

मी लॅपटॉप मिटला.

पुढं गल्लीनं मलाच धारेवर धरलं. जितं माणूस घरात असताना टोप्या घालून बसवलं म्हणे! "तू जित्या मानसाला झाकून ठिवतीस," असं म्हणत वन्संनी आण्णांची खुर्ची टेम्पोत चढवली. आण्णा खुर्चीपाठोपाठ गेले. जाताना माझ्याशी एवढंच बोलले, "पेढं ऱ्हायलं." मी दुकानाकडं पळाले, येईपर्यंत टेम्पो गेला होता.

रविवारी मी बॅग घेऊन बाहेर पडले. गिरणी धडधडत होती, भोंगा बोंबलत होता. बाबूमामा पोरांना घेऊन आडवे आले. "वहिनी, गुरवारचं कार्य अर्धंच ऱ्हायलं. शब्द म्हंजी शब्द." आणि त्यांनी मला एसटी स्टँडपर्यंत तीच संथ चाल वाजवत पोचवलं. रस्त्यात दोघांनी मला हात जोडले.

आता मी पुण्याच्या ऑफिसात बसते. इथं इतकं शांत आहे, की स्वतःचा राग ऐकू येतो. आण्णा उंब्रजला महामार्गाकडं तोंड करून बसतात आणि ट्रकवाल्यांना हटकतात. एकही ट्रक थांबत नाही, असं फोनवर सांगत होते.

म्हणून मला जाब हवाय! पिठलं आलं, टोप्या बसल्या, वन्सं रडली, बँड वाजला. मग आमच्या घरातलं गेलं कोण? परवा सुरेशला फोनवर हेच विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमी गेलासा की! बँड लावून!"

ठीक आहे. मग आता साहेबांनी उत्तर द्यावं. घरात मयत झालेलं अख्ख्या कंपनीनं स्क्रीनवर बघितलंय. माझी दुखवट्याची रजा कुठं आहे?