प्लायवूडचं पॅरिस

मी निघाले त्या दिवशी आम्ही विमानतळावर फारच लवकर पोचलो, कारण उशीर हा प्रकारच बाबांना खपत नसे. सिनेमालाही तसंच: जुन्या हॉलिवूडपटांत तो बनवणाऱ्यांची नावं सुरुवातीलाच येत, आणि ती चुकली की त्यांच्या मते सिनेमाच चुकला. नटनट्या त्यांना दुय्यम. कपडे शिवणारे, एडिटर, सेट उभारणारे यांची नावं ते मोठ्याने वाचत. "बघ, यातले किती जण युरोपातलं घरदार सोडून आलेत! आणि स्टुडिओत प्लायवूडचं पॅरिस उभं केलं पठ्ठ्यांनी." ते पॅरिस पाहून बाबा पुण्यात बसून खरंखुरं रडायचे.

मी ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रुजू झाले. पुढे आई गेली, मग कोविड आला आणि सीमा बंद झाल्या. तेव्हा आम्ही ठरवलं, शनिवारच्या आर्वोची, म्हणजे इथल्या भाषेत दुपारची, शिफ्ट मी घ्यायचीच नाही. माझी दुपार, त्यांची सकाळ. फोन चालू ठेवून दोघांनी एकदम तोच सिनेमा लावायचा. बाबा हटकून बटण चुकवायचे, की पुन्हा पहिल्यापासून.

बाबांच्या बहिणीला, माझ्या आत्याला, याचा भारी राग. "बाप इथे एकटा आणि लेक सिनेमे बघते! हे नातं नाही, देखावा आहे." असू दे देखावा. देखाव्यावर इतकी वर्षं जीव टाकणारे लोक काय वेडे आहेत?

मग बाबांनाच कोविड झाला. मला निघता येईना. शनिवारी वॉर्डातल्या नर्सने त्यांच्या कानाशी फोन धरला. त्यांना बोलवत नव्हतं, म्हणून नावं मी वाचली, कॅमेरामनपासून शिंप्यापर्यंत एकही न गाळता. उच्चार चुकले असतील. दुसऱ्या दिवशी ते गेले.

"शेवटी तू जवळ नव्हतीस," आत्या फोनवर म्हणाली.

मी ऐकून घेतलं नाही. "तू तर दोन गल्ल्या पलीकडे होतीस आत्या, तुला तरी आत सोडलं का? मी होते. त्यांच्या कानाशी माझा आवाज होता."

ती रडली, मीही रडले. मग ती नाक ओढत म्हणाली, "काय गं, या शनिवारी कुठला लावणार आहेस?"

आता शनिवारी फोनवर आत्या असते, आणि प्रत्येक नटीचं वय विचारते. आमच्या या प्लायवूडच्या घराला कोणी खोटं म्हणणार असेल, तर खुशाल म्हणू दे. आम्ही त्यात राहतो.